राहीच्या फोटोचं झालं ते

सखारामशेठ, गिऱ्हाईक येत नाय तोवर बसा जरा, एक गोष्ट सांगतो. लांबलचक हाय, पण खरी हाय, आणि तुमच्या भाच्याची हाय, म्हणजे तुमाला ऐकायलाच लागेल. चहा नको. पूर्णगडावरनं निघताना घेतला तोच अजून छातीत जळतोय. पाणी द्या फक्त. चिपळूणपर्यंत एसटीत उभा आलोय.

मला ओळखलंत ना? मी रावजी. आपल्या समाजाच्या वधूवर मंडळाचा. फोनवर आवाज ऐकलेला हाय तुमी, तोंड आज बघताय. आवाजावरनं माणूस जरा बरा वाटत असेल, त्याला माझा इलाज नाय.

वेबसाइट तर काल-परवाची. त्याच्या आधी आमचा आल्बम होता. पिशवीत आल्बम आणि खिशात विडी, असा मी लांजा, राजापूर, संगमेश्वर पालथं घालायचो. चौथी शिकलेला माणूस, पण स्थळं जुळवायला चौथी पुरते. आल्बमला प्लास्टिकचे खिसे असायचे, एका माणसाला एक खिसा. लोक काय फोटो द्यायचे विचारू नका. कोण कुणाच्या लग्नातला द्यायचा, कोण बैलासकट द्यायचा. एकाने तर बोरिंगला पाणी लागलं त्या दिवसाचा दिला, त्यात नवरामुलगा कुठला ते त्याच्या बापसालाच सांगायला लागलं. मंग मी पडवीत कात्री घेऊन बसायचो. बैल गेला, शेजारची वहिनी गेली, मुलगा बरोबर खिशात बसला. कात्रणं चुलीत. हाताला अशी सवय लागली, की फोटो बघितला की मला माणूस दिसायचा नाय, खिसा दिसायचा.

मंग माझ्या भावाची मुलगी ज्ञानेश्वरी, ठाण्याला कॉम्प्युटरवर काम करते, ती बोलली, "काका, आल्बम द्या सोडून. मी मंडळाला वेबसाइट करून देते. लोक आपापले फोटो आपणच चढवतील. तुमी फक्त राखण करायची." मी बोललो, राखण आपल्याला जमते, आंब्याची केलीय.

पण लोक ते लोक. पहिले बैलासकट द्यायचे, आता बंगल्यासकट द्यायला लागले. मोबाइलला कॅमेरे आलेत ते तोफेसारखे. एकेक फोटो पाच-सहा एमबी. एमबी म्हणजे काय ते ज्ञानेश्वरीने मला सांगितलं, "काका, फोटोचं वजन समजा." वजन म्हटल्यावर समजलं. आमच्या वाडीत नेटवर्क येतं ते पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून पार वरच्या टोकाला, तेपण वारा असला तर. तिथे एवढं वजन चढणार कसं आणि उतरणार कसं? साइट उघडली की नुसतं गोल फिरायचं. तुमचापण फोन आला होता, आठवतोय? "रावजी, आमची बहीण मुली बघायची सोडून गोल बघत बसते." मी दोष देत नाय तुमाला. खरं तेच बोललात. सगळेच बोलत होते.

ज्ञानेश्वरीने तोड काढून दिली होती. मला एक पट्टी करून दिली, मोबाइलवर बोटाने सरकवायची. डावीकडे लिहिलेलं ‘लहान’, उजवीकडे ‘स्वच्छ’. फोटो चढला की साइट आपली आपण त्याचं वजन उतरवणार, पट्टी असेल तेवढं. तिने पट्टी मधल्या ठिकाणी ठेवली आणि बजावलं, "काका, इथून हलवायची नाय." खाली एक चौकोन होता, ‘मूळ फोटो राखून ठेवा’, त्यात बरोबरची खूण. तिलापण हात लावायचा नाय. म्हणजे साइट दाखवणार हलका फोटो, पण असली फोटो आत पेटीत जपून राहणार.

पुढे रत्नागिरीचा मेळावा तोंडावर आला. नावांवर नावं यायला लागली आणि साइट बोलली, जागा भरली. नवीन फोटो घेईना. ज्ञानेश्वरीला फोन लावला, तर ती बाळंत होऊन दवाखान्यात. तिला तिथे काय विचारणार, पेढा कधी आणि जागा कधी? जावयाला विचारलं तर तो बोलला, "काका, मला त्यातलं ओ का ठो कळत नाय."

मंग मी पाखाडीच्या टोकाला जाऊन बसलो आणि माझ्या डोक्याने केलं. पट्टी धरली ती पार डावीकडे नेऊन टेकवली. चौकोनातली खूण काढली. असली फोटो म्हणजे माझ्या लेखी कात्रणंच ती, कोण जपतो? आणि खाली एक बटण होतं, ‘जुन्या फोटोंना लागू करा’, तेपण दाबलं. थोडा वेळ गोल फिरलं आणि मंग काय सांगू, सगळं मोकळं. तोंडं अशी पटापट उघडायला लागली, पाटीतनं मासळी सांडल्यासारखी. मी वरून खालपर्यंत बघितलं. मोबाइलवर तो नखाएवढा फोटो, सगळे छान दिसत होते. जरा जास्तच छान दिसत होते, हे तेव्हा ध्यानात यायला हवं होतं. मी खूश. मेळाव्यात माझा नारळ देऊन सत्कार केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता राहीचं ऐका.

राही आमच्याच वाडीतली. तिचा बापूस राजेंद्र माझा चुलतभाऊ, मुंबईला वॉचमन हाय, गणपतीला आणि शिमग्याला दिसतो. घरात राही आणि तिची आयस मालन. राही एसटीत कंडक्टर. तिला डाव्या गालावर कोड हाय, ओठाच्या कोपऱ्यापासून कानाकडे गेलेलं. मुळात पोर गोरी, त्यामुळे फोटोत ते मंदच दिसतं, पण उजेडात समोर उभी राहिली की दिसतं. तिने कधी लपवलं नाय. रोज गाडीभर माणसं तिचं तोंड बघतात.

वेबसाइटवर नाव घालायचं ठरलं तेव्हा आम्ही तिघं त्यांच्या ओटीवर बसलेलो. मालनवहिनी मला बोलली, "भावोजी, तुमी आल्बमातल्या फोटोतनं बैल काढायचात, तसा तेवढा डाग निघेल काय?"

राही तिथेच बूट पुसत होती. बोलली, "आई, माझ्या तोंडाला बैल म्हणतेस?"

"तसं नाय गो. बघायला तर येऊ देत लोक. एकदा बोलली-चालली की समजेल त्यांना तू कशी हायस ती."

"बघायला येऊन परत गेलेले मला नको. फोटो बघून आलेच नाय तर चालेल. तेवढे पोहे वाचतील."

अर्जात एक रकाना होता, ‘व्यंग असल्यास लिहा’. मी विचारलं, इथे काय घालू? ती बोलली, "नाय घाला. हे व्यंग नाय. डोळ्याला दिसतं, फोटोत दिसेल, ज्याला चालेल तो येईल." आणि रत्नागिरीला स्टुडिओत जाऊन तिने मोठा फोटो काढला. पावडर नाय, काय नाय, डावा गाल पुढे. आपल्या हाताने चढवला. त्या पोरीचा सगळा खरेपणा त्या एका फोटोत होता, शेठ. दुसरीकडे कुठेच लिहिलेला नव्हता. आणि त्यावर मी पट्टी फिरवली.

मेळाव्यानंतर तुमच्या बहिणीचा, सुनंदाताईंचा फोन आला, आमच्या सागरला पूर्णगडाकडची मुलगी आवडली, बघायला येतो. तुमी नव्हतात, दुकान होतं. मी मध्यस्थ म्हणून बसलेलो. ताई, तुमचे भावजी, सागर आणि दोन माणसं अजून. मालनवहिनीने खळं सारवून घेतलं होतं, सोलकढी केली होती, ती कोणाच्या तोंडाला लागली नाय ते पुढे.

राही पोह्यांचा ट्रे घेऊन आली. ओटीवर बाहेरचा उजेड सरळ तोंडावर. ताईंनी तिच्याकडे बघितलं, मंग मोबाइलकडे बघितलं, मंग परत तिच्याकडे.

"ही कोण?"

मी बोललो, "हीच राही."

"मग ह्याच्यातली कोण?"

राही हसली आधी. तिला वाटलं थट्टा. ट्रे खाली ठेवून बोलली, "बघू." मोबाइल हातात घेतला, दोन बोटांनी मोठा केला. मी समोर होतो. तिचं तोंड बघत होतो. हसू गेलं आणि जागेवर काय आलंच नाय.

मोबाइल माझ्या हातात आला तेव्हा मी पण बघितलं. गाल असा, शेठ, जसा लाद्यांवर रंगाचा हात फिरवावा. चौकोन चौकोन, आणि त्या चौकोनांत डाग विरघळून गेलेला. कोड नाय, तीळ नाय, पापणीचे केसपण नाय. गुळगुळीत बाई. बाहुली.

राहीने आपला मोबाइल काढला. "हा माझा फोटो. हाच चढवला मी. बघा, दिसतोय डाग."

ताई बोलल्या, "तेच तर मी बोलते. ठेवायचा एक आणि लावायचा एक."

पोरीने खरा फोटो दाखवला आणि त्यानेच ती खोटी ठरली. सागर खाली मान घालून बसलेला. वाईट मुलगा नाय तो. एकदा बोलला, "आई, असू दे ना." ताई बोलल्या, "डागाचं मी बघितलं असतं. फसवणुकीचं कसं बघू?" मला त्यांचंपण चुकलं असं बोलवत नाय. त्यांच्या जागी मी असतो तर मीपण उठलो असतो.

राही मात्र ताईंकडे बघतच नव्हती. आयशीकडे बघत होती.

"आई, तू पुसायला लावलंस?"

"देवाशपथ नाय गो."

"तूच विचारलेलंस ना काकांना? माझ्यासमोर विचारलेलंस." मंग माझ्याकडे वळली. "काका, तुमी पुसलात?"

मी बोललो, "नाय."

खोटं नव्हतं ते. पुसलं तर मी नव्हतंच. खरंपण नव्हतं, कारण त्या क्षणाला ती डावीकडे टेकवलेली पट्टी आठवली, मला समजलं काय झालंय. सगळं नाय, पण पुरेसं. तोंडात पोह्याचा घास होता. तो गिळला आणि ‘नाय’ बोललो. पाच माणसं पाहुणी, दोन घरची, सगळ्यांसमोर मालनवहिनी चोर ठरली आणि मी पोहे गिळले.

तुमचे लोक गेले. संध्याकाळी तुमच्या ग्रुपवर ताईंचा मजकूर आला. तुमीच लावलात, ग्रुप तुमचा हाय. ‘पूर्णगडच्या बाजूला फोटो वेगळा, मुलगी वेगळी. समाजातल्या लोकांनी सावध राहावे.’ नाव नव्हतं घातलं, पण आपल्यात नाव घालायला लागतं काय? दुसऱ्या दिवशी तिच्या गाडीत कोण बोललं म्हणे, "ओ बाई, तिकीट तरी असली देताय ना."

राही घरी यायची बंद झाली. रत्नागिरीला मैत्रिणीच्या खोलीवर राहायला लागली. आयशीचा फोन घेईना. आणि मी काय केलं? मी साइट उघडून रोज फोटो बघत बसलो, एकेक मोठा करून. सगळेच तसे. देवरुखच्या एका मुलीच्या कपाळावरचा टाक्यांचा वण गेलेला, एकाची मिशी म्हणजे काजळाचं बोट. असली फोटो पेटीत शोधले तर पेटी रिकामी. मीच रिकामी केलेली. वाटायचं, उद्या सांगतो. ज्ञानेश्वरी घरी येऊ दे, ती सगळं परत आणेल, मंग सांगतो. परत काय आणणार, जाळलेलं?

एके दिवशी मालनवहिनी आमच्या खळ्यात आली. हातात फणसाची फोड, केळीच्या पानात. आमच्याकडे नुसतं हात हलवत कोण येत नाय, भांडायलापण काहीतरी घेऊनच येतात. पण ती भांडायला नव्हती आली.

"भावोजी, तुमी तिला एकदा सांगा. आयशीने तुमाला काय सांगितलं नव्हतं, एवढंच सांगा. माझं ती ऐकत नाय, तुमचं ऐकेल. तुमच्यावर तिचा विश्वास हाय."

तो शब्द ऐकला आणि मला बसवेना. तिथेच तिला सगळं सांगितलं. पट्टी, चौकोन, बटण. तिला पट्टीबिट्टी काय कळली नाय. तिने एकच विचारलं, "म्हणजे तुमच्या हातनं झालं?"

"माझ्या हातनं झालं, वहिनी."

मला वाटलं आता शिव्या देईल. फणसाची फोड टाळक्यात घातली असती तर मला बरं वाटलं असतं. ती जोत्यावर बसली, फोड बाजूला ठेवली. मंग बोलली, "तुमी चुकून केलंत. मी तर मनापासून मागितलेलं ना, जाऊ दे तेवढा डाग म्हणून. मग राही बोलली त्यात खोटं काय?"

शेठ, मी खूप ठिकाणी खूप बोलणी खाल्लीयत. दोन्हीकडच्या पाहुण्यांनी मला एकाच दिवशी हाकललेलं हाय. पण ह्या बाईने माझी चूक आपल्या पदरात घेतली, ते मला अजून पचत नाय.

दुसऱ्या दिवशी मी राहीची गाडी धरली. कंडक्टरच्या सीटच्या मागे बसलो. ती मशीन घेऊन आली.

"कुठे?"

"तुझ्याशी बोलायचंय."

"तसा स्टॉप नाय. कुठे?"

"शेवटपर्यंत दे."

तिने तिकीट काढलं, हातात दिलं, पुढे गेली. गर्दी उतरली तशी येऊन बसली. मी सांगितलं. मधेमधे उठायची, घंटी मारायची, "चला पुढे, आजी पिशवी घ्या," असं करून परत यायची, आणि मी जिथे थांबलेलो तिथनं पुढे सांगायचो. बटणापाशी आलो तेव्हा ती बोलली, "म्हणजे ओटीवर तुमाला माहीत होतं."

"अंदाज होता."

"आणि तुमी नाय बोललात."

"हो."

मागच्या एकाला तिकीट देऊन आली. मंग बोलली, "तुमचं मशीन चुकलं ते मी सोडलं असतं काका. माझंपण चुकतं, एकाला अर्धं तिकीट देते, एकाला पूर्ण. पण मी आईला परक्यांसमोर बोलले. ते तुमी थांबवू शकला असतात. एका शब्दाचं काम होतं."

मी बोललो, सागरच्या घरी जातो, पाया पडतो, स्थळ परत...

"स्थळ मला नको. सागर नको असं नाय, कोणीतरी समजूत घालून आणलेला नको. माझ्या आईचं आणि माझं जे गेलं ते आणा. जिथे गेलं तिथूनच आणा. ग्रुपवर."

"तुझा फोटो लावायला लागेल त्यात. समजायचं तर दोन्ही शेजारी लावायला हवेत, तुझा आणि साइटवरचा."

"लावा की. एवढ्यासाठीच काढलाय तो." उठली, घंटी मारली. उतरताना बोलली, "आणि काका, लहान करून लावू नका. तो मोठाच राहू दे."

त्या संध्याकाळी ती घरी गेली. दोघी काय बोलल्या मला माहीत नाय, मी गेलो नाय तिकडे. तोंड नव्हतं. पण सकाळी मालनवहिनी परसात तिच्यावर ओरडत होती, डबा विसरलीस म्हणून. ते ओरडणं ऐकून जरा हायसं वाटलं.

साइटचं ज्ञानेश्वरीने नीट केलं, मांडीवर पोर घेऊन. मला बोलली, "काका, लहान करायला हरकत नव्हतीच. मूळ का फेकलंत?" आता यादीत हलका फोटो दिसतो, त्यावर बोट ठेवलं की मोठा उघडतो, आणि असली पेटीत राहतो. पट्टी माझ्याकडनं काढून घेतली. बरं केलं. मी आता घरोघर फोन करतोय, फोटो परत चढवा, माझ्याकडनं खराब झाले. कोण हसतं, कोण बोलतं, "रावजी, त्यातच मी बरा दिसत होतो, राहू दे." त्यांना वाटतं गंमत हाय.

पण तुमचा ग्रुप बंद हाय, शेठ. तिथे फक्त तुमालाच लिहिता येतं. मी तिकडे एक शब्द घालू शकत नाय. फोनवर सांगितलं असतं तर तुमी बोलला असतात, बघू. म्हणून आलो.

तुमची बहीण खोटी बोलली असं लिहू नका. त्यांनी बघितलं तेच त्या बोलल्या. माझं नाव घाला, पूर्ण घाला, रावजी कोण ते सगळ्यांना कळू दे. फोटो मी खराब केला, मुलीच्या आयशीने नाय, मुलीने नाय, आणि विचारल्यावर मी गप्प बसलो, हेपण घाला. ते गाळू नका, तेच मोठं हाय. मंडळाने मला काढलं तर काढू देत. सागरचं तुमी त्याच्यावर सोडा, मी त्यासाठी आलेलो नाय.

हा घ्या माझा मोबाइल. ह्यात दोन्ही फोटो हायत. तुमच्याकडे घ्या, आणि ग्रुपवर लावताना ते वर एचडी लिहिलेलं असतं ना, तिथे बोट दाबा, नायतर ग्रुपपण फोटोचं आपला आपण वजन उतरवतो. चष्मा लावा आधी. मी इथेच बसतो ह्या गोणीवर, गिऱ्हाईक आलं तर तुमचे खिळे मी मोजून देतो. तुमी तेवढं लिहा शेठ. माझ्यासमोर लिहा.